चमत्कार नाही, तरी नमस्कार: ज्यू धर्मातला 'लपलेला देव' समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची

आपल्याकडे म्हण आहे, चमत्कार तिथे नमस्कार. ती डोक्यात घेऊनच मी ज्यू धर्माबद्दल वाचायला बसलो आणि पहिल्याच महिन्यात आपटलो. समुद्र दुभंगतो, आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडतं, डोंगरावर आग, कर्ण्याचे आवाज, आणि मग पुढे काही शतकांतच सगळं चिडीचूप. देव गेला कुठे? एकदा आकाशात सही करून टाकायची ना, वाद मिटला!

हा प्रश्न ज्याला ज्याला पडलाय त्याच्यासाठी हे लिहितोय. मी सगळं उलट्या क्रमानं वाचलं, म्हणजे आधी मध्ययुगीन तत्त्वज्ञ, मग तालमूद (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, वादविवादांचा मोठा संग्रह) आणि सगळ्यात शेवटी मूळ गोष्टी, त्यात दोनेक वर्षं वाया गेली, म्हणून खालचा क्रम. वही घ्या एक, फोनवरच्या नोट्स नकोत, का ते पुढे कळेल. तालमूदचे उतारे सेफारिया नावाच्या साइटवर हिब्रू-इंग्रजीत फुकट वाचायला मिळतात, बायबलचं मराठी भाषांतर घरात नसलं तरी ऑनलाइन आहेच.

सुरुवातीलाच: प्रश्न विचारायला घाबरू नका

आपल्याला वाटतं हा बाहेरच्या माणसाचा खोचक प्रश्न आहे. अजिबात नाही, हा त्यांच्या घरातलाच प्रश्न आहे. बायबलमधलं शास्ते ६:१३ काढा. गिदोन शत्रूच्या भीतीनं द्राक्षकुंडात लपून गहू झोडतोय, देवदूत येऊन म्हणतो परमेश्वर तुझ्याबरोबर आहे, आणि गिदोन सरळ उलट विचारतो की बरोबर आहे तर आमच्यावर हे सगळं का आलं, आणि आमच्या बापजाद्यांनी सांगितलेली ती अद्भुत कृत्यं कुठे गेली? देवदूतासमोर! आणि त्याला कुणी गप्प बसवत नाही. स्तोत्र ४४ त्याहून तिखट आहे, तिथे देवाला 'जागा हो, झोपलास का' असंच विचारलंय.

पायरी १: शब्द नीट समजून घ्या

हिब्रूत याला 'हेस्तेर पानीम' म्हणतात. शब्दशः मुख लपवणं. इथे मराठी माणसाची हमखास चूक होते कारण आपल्याकडे तोंड लपवतो तो लाजेनं किंवा उधारी थकवलेला असतो म्हणून. इथे तसलं काही नाही. जवळचं मराठी म्हणाल तर 'पाठ फिरवणं' आणि 'पडद्याआड जाणं' या दोन्हींच्या मधलं काहीतरी.

दोन जागा वाचायच्या. पहिली अनुवाद (बायबलमधलं पुस्तक, भाषांतर नव्हे) ३१:१७-१८, तिथे देव रागावून म्हणतो की हे लोक मला सोडतील तेव्हा मी माझं मुख लपवीन, आणि हिब्रूत ते क्रियापद दोनदा येतं, 'हास्तेर आस्तीर', म्हणजे लपवीन म्हणजे लपवीनच. दुसरी यशया ४५:१५, 'खरोखर तू स्वतःला लपवणारा देव आहेस'. पहिल्यात लपणं ही शिक्षा आहे. दुसऱ्यात ती शिक्षा वाटत नाही, स्वभाव वाटतो. वहीत पान मधोमध दुमडा, डावीकडे 'शिक्षा', उजवीकडे 'स्वभाव' लिहा आणि पुढे वाचाल ते ज्या बाजूला बसेल तिथे टाका. अर्धे वाद लोक हे दोन अर्थ एकमेकांत कालवतात म्हणून होतात, मी स्वतः कालवले होते.

पायरी २: चमत्कारांचा हिशोब मांडा, जमा आणि खर्च दोन्ही

हे काम कंटाळवाणं वाटेल पण करा. एका बाजूला उघड चमत्कार लिहा, समोर त्यानंतर लोकांनी काय केलं ते. समुद्र दुभंगला, तीन दिवसांनी पाणी कडू लागलं म्हणून कुरकुर सुरू (निर्गम १५). सिनाय पर्वतावर देवाचा आवाज प्रत्यक्ष ऐकला, त्यांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सोडवून आणणारा मोशे चाळीस दिवस वर काय गेला तेवढ्यात खाली सोन्याचं वासरू तयार. मान्ना रोज फुकट पडतोय तर त्याचाच वीट, आम्हाला मिसरमधली काकडी, कलिंगड, कांदा, लसूण पाहिजे म्हणे. दहा ओळी लिहून झाल्या की उजव्या कॉलमकडे बघा. चमत्कार बघून कायमचे सुधारले असं फारसं कुणी सापडत नाही.

एलिया या संदेष्ट्याची गोष्ट मात्र पूर्ण वाचा, १ राजे १८ आणि १९, दोन अध्याय सलग, मधे चहाला उठू नका. अठराव्यात कर्मेल डोंगरावर जाहीर सामना आहे, बआल नावाच्या दुसऱ्या देवाचे साडेचारशे संदेष्टे एकीकडे, एलिया एकटा एकीकडे, आकाशातून आग पडते, ओला केलेला बळी, लाकडं, दगड, चरातलं पाणी सगळं खाक, लोक पालथे पडून ओरडतात 'परमेश्वर हाच देव'. याहून उघड चमत्कार काय असणार. आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ईजबेल राणी नुसती धमकी पाठवते आणि हाच एलिया जीव घेऊन पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. ते कालचे ओरडणारे लोक कुठे आहेत? एकजण सोबत नाही.

मग तो होरेब डोंगरावर गुहेत पोचतो. डोंगर फोडणारा वारा येतो, देव वाऱ्यात नव्हता. भूकंप, भूकंपात नव्हता. आग, आगीतही नव्हता. बघा, मागच्याच अध्यायात आग पाडली होती! आगीनंतर येतं ते 'कोल दमामा दका', बारीक शांततेचा आवाज. मराठी भाषांतरांत 'शांत, मंद वाणी' असं काहीसं असतं पण मुळात शांतता आणि आवाज एकत्रच आहेत, पुटपुटणं नव्हे. एक बारकावा लोकांच्या नजरेतून सुटतो. या सगळ्याच्या आधी देव विचारतो 'एलिया, इथे काय करतोयस', नंतरही तेच विचारतो, आणि एलिया दोन्ही वेळा शब्द न् शब्द तेच रडगाणं गातो. म्हणजे इतकं दाखवूनही माणूस तिथेच! त्यानंतर त्याला सांगितलं जातं की जा, अलीशाला तुझ्या जागी नेम. एलियाला विसरू नका, तो शेवटी परत येणार आहे.

आणखी एक, समुद्र दुभंगल्याचं वचन (निर्गम १४:२१) पुन्हा वाचा. 'रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा' वाहिला असं लिहिलंय. म्हणजे सगळ्यात मोठ्या चमत्कारालासुद्धा वाऱ्याचं पांघरूण आहेच, ज्याला वारा बघायचाय त्याला वारा दिसेल.

पायरी ३: एस्तेर एका बैठकीत

एस्तेर हे बायबलमधलं छोटं पुस्तक, दहा अध्याय, पाऊण तासात होतं. हिब्रू मजकुरात देवाचं नाव एकदाही नाही. मराठी बायबलच्या ॲपमध्ये 'परमेश्वर' शोधून बघा, गंमत वाटते. फक्त कॅथलिक आवृत्ती घेतलीत तर तिच्यात ग्रीकमधून आलेले जास्तीचे भाग असतात आणि तिथे देव आणि प्रार्थना भरपूर आहे, तो भाग बाजूला ठेवा, ज्यू लोक तो वाचत नाहीत.

एस्तेर ही पर्शियाच्या राजाची ज्यू राणी, मर्दखय तिचा चुलतभाऊ, आणि हामान ज्यूंना मारायला निघालेला राजाचा मंत्री. देव नाही तर आहे काय? योगायोग. राजाला नेमकी त्याच रात्री झोप लागत नाही, दप्तर वाचायला लावतो, नेमकं मर्दखयानं त्याचा जीव वाचवल्याचंच पान उघडतं, आणि नेमका तेव्हाच हामान मर्दखयाला फाशी देण्याची परवानगी मागायला अंगणात उभा (अध्याय ६). एकेक घटना सुटी घेतली तर साधी आहे, राजांना निद्रानाश होतोच. चौथ्या अध्यायात मर्दखय एस्तेरला म्हणतो की तू गप्प राहिलीस तर सुटका 'दुसऱ्या ठिकाणाहून' येईल. 'ठिकाण' ला हिब्रूत 'माकोम', आणि पुढे रब्बींच्या भाषेत 'माकोम' हे देवाचंच एक नाव झालं, म्हणून कित्येकांना तिथे देव ऐकू येतो. लेखकानं तसं योजलं होतं का, वाद घाला हवा तेवढा.

तालमूदमध्ये (खुल्लीन १३९ब) एक प्रश्न आहे, तोरामध्ये (म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत) एस्तेरचा उल्लेख कुठे? उत्तर, 'हास्तेर आस्तीर'. पहिल्या पायरीतलं तेच वचन! आस्तीर-एस्तेर, शब्दाची कोटी आहे, पण कोटीतून सांगितलं काय तर जिथे मुख लपलंय त्या पुस्तकाचं नावच 'लपवीन' सारखं ऐकू येतं. वहीत हे कुठल्या कॉलमला टाकायचं? मी रेघेवर लिहिलं.

पायरी ४: डोक्यावरचा डोंगर

माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे, बाकी काही वाचलं नाहीत तरी तालमूदमधलं शब्बात ८८अ वाचा. निर्गम १९:१७ मध्ये लोक डोंगराच्या 'पायथ्याशी' उभे राहिले असं आहे, पण हिब्रू शब्द 'खाली' असाही वाचता येतो. रब्बी तो शब्दशः घेतात. देवानं सिनाय पर्वत उचलून पिंपासारखा लोकांच्या डोक्यावर धरला आणि म्हणाला, तोरा घेतलीत तर ठीक, नाहीतर इथेच तुमची कबर.

यावर राव अखा बार याकोव्ह म्हणतो की मग हा तर तोरावर भलामोठा आक्षेप झाला. भाषा पक्की कोर्टकचेरीची आहे. बळजबरीनं सही घेतलेला करार टिकत नाही, उद्या देवानं जाब विचारला तर म्हणता येईल की साहेब, डोक्यावर डोंगर होता, सही करणार नाही तर काय! लक्षात घ्या, धर्माच्या पायावरच सुरुंग लावणारा मुद्दा हा नास्तिकाचा नाही, तालमूदमधल्या रब्बीचा आहे, आणि तो छापलाय, दरवर्षी शिकवतात.

मग रावा नावाचा दुसरा रब्बी उत्तर देतो: तरीसुद्धा, अहश्वेरोशाच्या काळात त्यांनी ती पुन्हा स्वीकारली. पुरावा एस्तेर ९:२७, 'कायम केलं आणि स्वीकारलं', आधी स्वीकारलेलं आता कायम केलं. अहश्वेरोश म्हणजे एस्तेरमधला तोच राजा.

आता दोन्ही शेजारी ठेवा. सिनायवर गडगडाट, वीज, देवाचा आवाज, सगळं उघड, आणि ती सही कच्ची. एस्तेरच्या शूशन शहरात देवाचं नाव नाही, मंदिर नाही, परकं राज्य, राजाला झोप लागली नाही एवढीच काय ती भानगड, आणि ती सही पक्की. देव समोर उभा असताना 'हो' म्हणण्यात माणसाचं काय जातं? पोलीस चौकीसमोर सगळेच हेल्मेट घालतात. राशी नावाच्या मध्ययुगीन भाष्यकारानं तिथे टीप दिलीय की लोकांनी स्वीकारलं ते त्यांच्यासाठी झालेल्या चमत्काराच्या प्रेमापोटी, म्हणजे तोही चमत्कार म्हणतोच, पण तो ओळखावा लागला. मला 'देव का लपतो' या प्रश्नाला ज्यू परंपरेत सापडलेलं सगळ्यात दमदार उत्तर हे आहे, आणि ते कुठल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नाही तर करारनाम्याच्या भांडणात आहे.

पायरी ५: भट्टीचं भांडण

बावा मेत्सिया ५९ब, हेही तालमूदमधलंच. वाद एका मातीच्या भट्टीवरून, तिचे आडवे तुकडे करून मधे वाळू भरलेली, तिला विटाळ लागतो की नाही. रब्बी एलीएझर म्हणतात नाही, बाकी सगळे म्हणतात लागतो. एलीएझर म्हणतात माझं बरोबर असेल तर हे कॅरोबचं झाड साक्ष देईल, झाड उपटून शंभर हात लांब जातं. उत्तर: झाडावरून पुरावा होत नाही. पाटाचं पाणी उलटं वाहतं. पाण्यावरूनही नाही. पाठशाळेच्या भिंती झुकायला लागतात, तर रब्बी यहोशुआ भिंतींना दम देतात, विद्वान एकमेकांशी भांडतायत, तुमचा काय संबंध? भिंती यहोशुआचा मान राखून पडल्या नाहीत आणि एलीएझरचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. (आपल्याकडे भिंत चालली की वाद संपतो, इथे भिंतीलाच ओरडा बसतो.) शेवटी आकाशवाणी होते की एलीएझरशी कशाला वाद घालता, त्याचंच खरं. यहोशुआ उभे राहून अनुवाद ३०:१२ फेकतात, 'ती आकाशात नाही'. तोरा दिली ना एकदा, आता निर्णय बहुमतानं.

नंतर एका रब्बीला एलिया भेटतो, हो तोच आपला एलिया, आणि रब्बी विचारतो देव तेव्हा काय करत होता? एलिया सांगतो, हसत होता, म्हणत होता माझ्या मुलांनी मला हरवलं.

इथपर्यंत सगळे सांगतात आणि टाळ्या घेतात. पुढचंही वाचा. एलीएझरना बहिष्कृत केलं गेलं, फार वाईट झालं, आणि तालमूदनं ही गोष्ट टाकलीय ती शब्दांनी माणसाला दुखावण्याच्या प्रकरणात. म्हणजे चमत्कार बाजूला सारून माणसांच्या हाती कारभार आला की माणसं माणसांसारखी वागणार, हेही त्यांना माहीत होतं.

पायरी ६: भराभर तीन-चार छोट्या गोष्टी

यांवर जास्त वेळ घालवू नका, पण माहीत पाहिजेत. शब्बात ५३ब मध्ये एका गरिबाची बायको तान्हं बाळ ठेवून मरते, दाई ठेवायला पैसे नाहीत, तर चमत्कारानं त्यालाच दूध येतं. राव योसेफ म्हणतो केवढा मोठा माणूस! अबाये म्हणतो उलट, केवढा कमनशिबी, याच्यासाठी सृष्टीचा नियम मोडायची वेळ आली. शब्बात ३२अ मध्ये सल्ला आहे की धोक्याच्या जागी उभं राहून चमत्कार होईल म्हणू नका, कदाचित होणार नाही, आणि झालाच तर तुमच्या पुण्यातून वळता होईल. आणि अवोदा जारा ५४ब: चोरलेला गहू पेरला तर न्यायानं तो उगवायला नको, पण जग आपल्या रिवाजानं चालतं, उगवतो.

मध्ययुगात आलात की रामबाम आणि रामबान हे दोघं भेटतात, एका अक्षराचा फरक, नवख्यांचा हमखास गोंधळ. रामबाम म्हणजे मायमोनिडीस (११३८-१२०४), पेशानं वैद्य, तो ठणकावून सांगतो की चमत्कार बघून विश्वास ठेवणाऱ्याच्या मनात खोट राहतेच, कारण जादूटोण्यानंही तसं करता येतं. रामबान म्हणजे नाखमानिडीस, गिरोनाचा, तेराव्या शतकातला, आणि हा आपला रामबाण उपाय नव्हे बरं का. त्याचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं, की मोठे उघड चमत्कार एकदा झाले ते कशाला, तर रोजच्या लपलेल्या चमत्कारांवर विश्वास बसावा म्हणून, आणि दर पिढीतल्या प्रत्येक शंकेखोरासाठी देव ते परत करत बसणार नाही, म्हणून ते सणांतून आणि खुणांतून आठवत राहायचं. निर्गम १३:१६ वरचं त्याचं भाष्य. दोघांतला कोण बरोबर हे ठरवायची घाई करू नका.

पायरी ७: इथे आवाज खाली करा

शोआ, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. साठ लाख ज्यू मारले गेले आणि समुद्र दुभंगला नाही. वरची सगळी हुशारी इथे अडखळते आणि अडखळलीच पाहिजे. एलीएझर बर्कोवित्स (१९०८-१९९२) या विचारवंतानं मांडलं की माणसाला खरंच स्वतंत्र ठेवायचं तर देवाला मागे राहावंच लागतं, चांगल्यासाठी ठेवलेली मोकळीक वाईटालाही मिळते. अनेक ज्यूंना हे पटतं, अनेकांना मुळीच पटत नाही, काहींनी देवच सोडला. दुसऱ्या बाजूला वॉर्सॉ घेट्टोतले (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतले) रब्बी कालोनिमस शापिरा. १९३९ च्या बाँबहल्ल्यात जखमी होऊन मुलगा गेला, त्यानंतरही १९४२ पर्यंत ते प्रवचनं करत राहिले, कागद पुरून ठेवले, स्वतः १९४३ मध्ये मारले गेले, कागद युद्धानंतर सापडले. त्यांनी तालमूदमधली एक जागा धरली (खगिगा ५ब): देवाला रडण्यासाठी एक गुप्त जागा आहे, तिचं नाव मिस्तारीम. 'हेस्तेर' च्याच धातूतला शब्द. म्हणजे लपलाय तो पाठ फिरवून नाही, आत जाऊन रडतोय.

योमा ६९ब पण इथेच वाचा. मोशेनं देवाला 'महान, पराक्रमी, भयप्रद' म्हटलं. यिर्मया म्हणाला परके त्याच्या मंदिरात धुडगूस घालतायत, कुठाय भय, आणि प्रार्थनेतून तो शब्द गाळला. दानिएलानं 'पराक्रमी' गाळला. नंतरच्या मंडळींनी दोन्ही परत घातले, म्हणाले राग आवरून धरणं हाच पराक्रम. पण मग आधीच्यांनी शब्द गाळायची हिंमत केली कशी? तालमूदचं उत्तर: देवाला सत्य आवडतं हे माहीत होतं, म्हणून त्यांनी त्याच्याशी खोटं बोलणं टाळलं.

प्रॅक्टिकल सूचना एकच: ज्याच्या घरातली माणसं तिथे गेली त्याला 'हेस्तेर पानीम' हे स्पष्टीकरण म्हणून ऐकवू नका. ते म्हणाले तर ऐका.

पायरी ८: वही मिटून बघायला जा

रोजच्या प्रार्थनेत, दिवसातून तीनदा, 'रोज आमच्याबरोबर असलेल्या तुझ्या चमत्कारांसाठी' आभार मानतात. संडासला जाऊन आल्यावर हात धुऊन एक आशीर्वचन म्हणतात की शरीरातली छिद्रं आणि नळ्या जागच्या जागी उघडतात, मिटतात म्हणून बरं चाललंय, आणि त्याचा शेवट 'अद्भुत करणारा' असा आहे. मूतखडा झालेल्या माणसाला हे लगेच कळतं, मला कळलं. उलट मिश्ना (तालमूदचा जुना गाभा) सांगते की गावात आरडाओरडा ऐकून 'तो माझ्या घरातला नसू दे' ही प्रार्थना फुकट, जे घडायचं ते घडून गेलंय. पुरीम या सणाच्या वेळी (फेब्रुवारी-मार्च) एस्तेर वाचतात तेव्हा आधी विचारून जा. हामानाचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते बुडवून टाकतात.

महाराष्ट्रात असाल तर कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांचा मलिदा चुकवू नका. पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (म्हणजे संदेष्टा एलियाचं) गाणं. नवस फेडायला, लग्नाआधी, काही चांगलं झालं की हा होतो. मी ठाण्यातल्या ओळखीच्या एका मावशींना माझा मोठा प्रश्न पहिल्याच भेटीत टाकला होता, देव आता चमत्कार का करत नाही. त्या खोबरं खवत होत्या. म्हणाल्या, "अरे बाबा, करत नाही कोण म्हणालं? पाट घे आधी." आणि ताटली पुढे केली. नंतर सांगितलं की अलिबागजवळ खंडाळ्याला जाऊन ये, एलियाहू हन्नाबीचा टापा बघ.

गेलो. खडक आहे. होरेबवर आगीत, वाऱ्यात, भूकंपात देव नाही हे ज्याला शिकवलं गेलं त्या एलियाचा रथ इथे टेकला होता म्हणतात, आणि लोक खडकावर बोट ठेवून चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. मीही वाकून बोट फिरवलं.